सदतीस माणसांचा एक नंबर

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट पाहा. माझ्या 'सी' आणि 'व्ही' या बटणांवरची अक्षरे पार पुसली आहेत. मी एक जुना कीबोर्ड आहे. डोळ्यांच्या एका दवाखान्यात, नोंदणीच्या टेबलावर माझी अकरा वर्षे गेली.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका! वाटायचे, माझ्यावर पत्रे लिहिली जातील, मोठमोठे अहवाल लिहिले जातील. नशिबी आली ती नक्कल. नोंदणीवाल्या ताई रोज शेकडो नावे, वये आणि पत्ते पडद्यावरच्या एका तक्त्यातून 'सी' दाबून उचलायच्या, 'व्ही' दाबून दुसऱ्यात ठेवायच्या, मग तिसऱ्यात. त्यांच्या दुखऱ्या मनगटाला कायम पट्टा असे. "ताई, तुमचा हात म्हणजे मशीन!" असे दवाखान्याचे साहेब कौतुकाने म्हणत. मला ते कौतुक तेव्हाही बोचायचे.

एकदा एक शिंपीकाका आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"फोन नंबर सांगा, काका."

"फोन शेजारणीचा आहे. नंबर काही पाठ नाही हो."

मागे रांग कुरकुरत होती. फोनचा रकाना रिकामा सोडला, तर पडदा पुढे जाऊच देत नसे. अशा वेळी त्या टेबलावरचे सगळे जे करत, तेच ताईंनी केले. त्यांनी दवाखान्याचाच नंबर टाकला.

"ऑपरेशनची तारीख लागली की कळवू."

"लवकर बघा हं, बाई. सुईत दोरा ओवायला हल्ली गिऱ्हाइकालाच बसवतो मी."

काका निर्धास्त मनाने गेले. पुढे वरच्या मजल्यावरच्या ऑपरेशन विभागातून त्यांना तारीख सांगायला फोन लावला जायचा, तो थेट आमच्याच टेबलावरचा. आणि टायपिंग उरकावे म्हणून ताई रिसीव्हर बाजूला काढून ठेवत. वरचे लोक 'फोन व्यस्त' असा शेरा मारत आणि काकांचे नाव यादीच्या तळाला जाई. असे आठ महिने चालले.

मग साहेबांनी सॉफ्टवेअर रोबो आणला. त्याला ना हात, ना पाय. संगणकाच्या आतच राहून तो नकला करणार होता. आता माझी गरज संपली, असे मला वाटले. ताईंनाही तसेच वाटले असावे.

"मग माझं काय, साहेब?"

"तुम्हाला नाही काढत, ताई. तुमचं कंटाळवाणं काम काढतोय."

ताईंचा विश्वास बसला नाही. तरी आठवडाभर बसून त्यांनीच आपले काम पायरी पायरीने त्याला शिकवायला मदत केली. पहिल्याच दिवशी त्याने त्यांचा दिवसभराचा गठ्ठा चहा निवायच्या आत संपवला. खरे सांगतो, मी जळलो. त्याची चूक कधी सापडते, याची वाट पाहत बसलो.

तिसऱ्या दिवशी तो तारखेच्या यादीपाशी अडला. पडद्यावर शब्द उमटले : 'सदतीस रुग्णांचा फोन नंबर एकच आहे. पुढे काय करू?'

झाली त्याची फजिती, म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण ताईंनी नंबर वाचला आणि त्यांची बोटे माझ्यावरच थांबली.

"अगं बाई! हा तर आपलाच नंबर."

मग मलाही माझी लाज वाटली. तो नंबर सदतीस वेळा माझ्याच बटणांवरून गेला होता. अकरा वर्षांत आम्हाला थांबून विचारायची सवड झाली नाही. त्याने तिसऱ्या दिवशी विचारले.

ताई तडक साहेबांकडे गेल्या. "चूक माझी आहे. माणसं बिचारी वाट बघत बसलीत."

"सगळेच तसं करत होते, ताई. पण आता शोधणार कसं?"

"पत्ते आहेत ना. आणि आता वेळही आहे."

पत्रे रोबोनेही छापली असती. ताई म्हणाल्या, "नको, ही मी लिहिते." त्यांनी सदतीस पत्रे लिहिली, प्रत्येकात नाव घेऊन माफी मागितली. माझी जुनी हौस अशी फिटली. त्या रकान्यात आता 'फोन नाही' असेही लिहिता येते, आणि ताई शेजारणीचे नाव-गाव सावकाश विचारून घेतात.

दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाल्यावर शिंपीकाका भेटायला आले. वाकून माझ्याकडे पाहू लागले.

"बाई, या दोन बटणांवरची अक्षरं गेलीत, की माझा डोळा अजून कच्चाच आहे?"

ताईंनी त्या दोन बटणांवरून बोट फिरवले. "गेलीत, काका. तुमचा डोळा अगदी बरोबर आहे."

"मग याला एक झाकण शिवून आणतो. धूळ तरी बसणार नाही."

"माप नको का घ्यायला?"

"घेतलं की! डोळ्यांनीच."

ते झाकण मला तंतोतंत बसले. मित्रांनो, तेच तेच काम यंत्राला खुशाल द्या. माणसाचे मनगट त्यासाठी झिजवू नका. मात्र वाचलेला वेळ आधी त्यांना द्या, ज्यांना तुम्ही 'कळवू' म्हणून परत पाठवले आहे.