यमपुरीच्या पोथीची फलश्रुती

मुक्ताबाईनं बोट ओळीखाली सरकवलं आणि शिपायाचं मुंडकं तिसऱ्यांदा नदीत पाडलं. खंडोबाच्या ओट्यावर बसलेल्या बायका हसल्या. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून, केसांत पांढरी धूळ घेऊनच त्या आल्या होत्या.

"पोथीत हसायचं न्हाई," मुक्ताबाई म्हणाली.

"मग पोथीनं तरी हसवू नये," रंगुबाई म्हणाली.

पोथी नव्हतीच ती. 'यमपुरीची पायवाट' नावाची कादंबरी होती, ग्रामपंचायतीत आलेल्या फिरत्या वाचनालयाच्या पेटीतली. राजानं एका शिपायाचं मुंडकं चुकून उडवलेलं, आणि तो ते काखेत धरून यमाकडं दाद मागायला निघालेला. पण नावात यम दिसला, आत अध्याय दिसले, आणि मुक्ताबाईनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. आळीत तिच्या वयाची अक्षर लावणारी बाई ती एकटीच. दुसरीपर्यंत का होईना, शाळा तिनं पाहिली होती. पेटी सांभाळणारा पंचायतीचा कारकून गहिनीनाथ हळदकुंकू बघून काही सांगायला तोंड उघडत होता. पण मुक्ताबाईसमोर उघडलेली तोंडं आपोआप मिटत.

रोज एक अध्याय, असा नववा दिवस होता. बायकांना सगळ्यांत आवडली ती नदीकाठची म्हातारी. ती मेलेल्या प्रत्येकाला गरम भाकरी वाढायची आणि वाढता वाढता असं काही बोलायची, की दुसरी भाकरी न मागता माणूस सरळ नरकाकडं चालू लागायचा.

"आक्का, हिचं माहेर आपल्याच गावात हुतं का?" कडूबाईनं मान खाली घालून विचारलं होतं.

"न्हाई. तुझ्या सासरची दिसती. भाकरी जाडच हायेत."

आज पोथी संपली. चूक राजाची असली तर इथं सुनावणी नाही, असं यमानं सांगितलं, आणि शिपाई मुंडकं मांडीवर घेऊन त्याच्या दाराशी बसून राहिला.

"आन् मग?"

"मग काय, फलश्रुती," मुक्ताबाई म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

पुस्तकाच्या शेवटी कोरे कागद चिकटवले होते. वाचणाऱ्यानं त्यावर अभिप्राय लिहावा, खाली नाव-गाव घालावं, असा त्या पेटीचा नियम होता. मुक्ताबाईला नियम ठाऊक नव्हता. पोथीच्या शेवटी ती वाचल्याचं फळ लिहिलेलं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. या पोथीत ते हातानं लिहिलं होतं, इतकंच.

"'पुस्तक अगदी वाह्यात. एका काखेत मुंडकं धरून माणूस तंबाखू मळतो कसा, हे लेखकाने सांगितले नाही. श्रीमंत, कोल्हार.'"

"बराबर हाय की," कडूबाई म्हणाली.

"'फार हसले. नंतर हसल्याची लाज वाटली. आक्काबाई, शिक्षिका.' 'शेवट पटला नाही. तरी दोनदा वाचले. छगन.'"

"कसली बया ही फलश्रुती? पोर न्हाई, पाऊस न्हाई, काईच मिळंना."

"गप ऐक. पुढं मिळंल."

पुढचं अक्षर बारीक, निळ्या शाईचं होतं. मुक्ताबाईनं पुस्तक जरा लांब धरलं.

"'लेखकाची माहिती ऐकीव दिसते. मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी मेले आहे.'"

बायका पुन्हा हसल्या. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला.

"'मी लग्न करून गेले त्या दिवशी आईने सगळ्या आळीसमोर माझ्या नावाने आंघोळ...'"

हसणं एकदम थांबलं. मुक्ताबाईचा आवाजही थांबला. बोट मात्र ओळीखालून चालत राहिलं, नेहमीपेक्षा हळू.

'...केली. पण मेल्यावर माणूस नदीकाठी भटकत नाही. राहात्याला राहतो. त्याला दोन मुले होतात, थोरली यंदा शाळेत जाते. नदीकाठच्या म्हातारीचे तेवढे लेखकाने खरे लिहिले आहे. मात्र सगळ्यांना वाढून झाल्यावर ती एकटी जेवायला बसते, हे लिहायला हवे होते.'

खाली नाव नव्हतं.

"पुढं?" कडूबाईनं हळूच विचारलं.

"शाई फुटलीया."

तिनं पुस्तक मिटलं. तिची लेक बनू फिलिप मास्तरचा हात धरून गेली, त्या सकाळी मुक्ताबाईनं डोक्यावरून ओतलेली घागर या बायकांनी डोळ्यांनी पाहिली होती. घरातून मयत निघाल्यावर करतात तशी आंघोळ. तेव्हापासून ते नाव गावात कुणी काढलं नव्हतं. एकेक करत बायका उठल्या आणि लुगडी झटकत घरी गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी पोथीच्या पाया पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई पंचायतीत गेली. गहिनीनाथ पेटी भरत होता. तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं सवयीनं शेवटचं पान उघडलं. निळ्या शाईच्या खाली पेन्सिलीनं, एकेक अक्षर बोराएवढं, लिहिलं होतं:

'आंगुळ केली म्हनून मानूस मरत न्हाई. येवडं लिवनाराला कळू नये. मुक्ताबाई.'

त्यानं ते वाचलं आणि मग वरचं वाचलं.

"पेटी राहात्याला कधी जाती?" तिनं विचारलं.

"फिरत फिरत जाईल. दिवाळी हुईल." तो थांबला. "पर आक्का, एकदा वाचल्यालं पुस्तक कोन परत नेतंय? लोकं नवं बघत्यात."

मुक्ताबाई दाराबाहेर बघत राहिली. रस्त्यावर दुष्काळी कामावरच्यांना मिळणारी सुकडी घ्यायला रांग लागली होती.

"तू पत्र लिही की," तो म्हणाला.

"मी पोथीबद्दल लिवलंय. पत्र कशाला लिवू? कुनाला?"

गहिनीनाथ पुन्हा पुस्तकं पेटीत भरू लागला.

"पेटीत किती हायेत?"

"पुस्तकं? बासष्ट."

"काढ."

पेटीशेजारी जमिनीवर तिनं बैठक मारली आणि कनवटीची पेन्सिल काढली. वरचंच पुस्तक तिनं मांडीवर ओढलं. गहिनीनाथ वाकून बघू लागला.

"आक्का, हे कोंबड्या पाळायचं हाय."

"मग? राहात्याला कोंबड्या पाळत न्हाईत व्हय?"

पेन्सिलीचं टोक तिनं जिभेला लावलं आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. तिचं 'आंगुळ' होईपर्यंत गहिनीनाथ उभा होता. मग तो तिच्याजवळ टेकला, त्यानं पेटीतून दुसरं पुस्तक काढलं, शेवटचं कोरं पान उघडलं आणि ते अंगठ्यानं दाबून धरून बसला.