दहा मोजायच्या आधी

मित्रांनो, शहागंजातल्या नवयुवक व्यायामशाळेत कधी आलात, तर आत शिरताच उजव्या हाताला खाली बघा. बेंचाखाली अर्धा आत, अर्धा बाहेर असा एक काळपट लोखंडी रॉड पडलेला दिसेल. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाला तो लागतो आणि वर दोन शिव्याही खातो. तो मीच. वय सव्वीस वर्षे. रंग मूळचा चकचकीत होता, आता सांगण्यासारखा राहिलेला नाही.

माझा जन्म चितेगावच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये, लेथ मशीनवर झाला. कृष्णा नावाच्या कारागिराने जुन्या शाफ्टचा एक तुकडा घासून मला घडवलं. ऑर्डर नानासाहेबांची होती. नानासाहेब मूळचे करमाडचे, घरी शेती, आणि स्वतः इथं शहरात शाळेत पी.टी.चे मास्तर. व्यायामशाळा त्यांनी नुकतीच काढली होती. त्यांना वीस किलोचा रॉड हवा होता. कृष्णाने सफाई जरा जास्तच केली आणि मी निघालो साडेअठरा किलोचा. नानासाहेबांनी मला दोनदा काट्यावर ठेवून पाहिलं, “चालतंय, नव्या माणसाला तेवढंच बरं,” म्हणाले आणि रिक्षात आडवं घालून शहागंजात घेऊन आले. माझं अर्धं अंग रिक्षाबाहेर होतं. पैठण रोडभर रिक्षावाला मागच्या गाड्यांना हात दाखवत होता.

तेव्हापासून माझ्याकडे एकच काम आहे. नव्या माणसाचा पहिला दिवस.

त्याचं असं झालं, की नानासाहेब तरुणपणी पहिल्यांदा तालमीत गेले, तेव्हा त्यांचे काडीसारखे दंड बघून तिथले लोक हसले होते. पुढे दोन वर्षे त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. म्हणून आपल्या व्यायामशाळेत त्यांनी एक रीत घातली. नवा माणूस आला, की त्याला बेंचवर निजवायचं आणि हातात मला द्यायचं, बिनप्लेटांचा, अगदी रिकामा. मग ज्याच्या हातात जे काही वजन असेल ते त्याने खाली ठेवायचं, सगळ्यांनी बेंचाभोवती उभं राहायचं आणि मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन करत दहापर्यंत. दहा झाले की टाळ्या, आणि मग प्रत्येकाने आपलं नाव सांगून हात मिळवायचा.

रीत चांगली होती, मी नाही म्हणत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसून पोट सुटलेले आले, सहा वर्षे अभ्यास करून नोकरी न लागलेले आले, आजारपणातून उठलेले आले. दहाव्या आकड्याला त्यांचे चेहरे कसे उजळतात ते मी फार जवळून पाहिलं आहे, कारण तेव्हा मी त्यांच्या छातीपासून वीतभरच वर असतो. बाहेरगावचे लोकही नानासाहेबांचं कौतुक करायचे. नव्या माणसाला जीव लावावा तर या मास्तरांनीच, म्हणायचे.

पण मित्रांनो, मी आता दमलोय. पहिलीच्या बाई दर जूनला नव्या रडक्या पोरांना घेऊन बसतात आणि पोरं मोठी झाली की रस्त्यात त्यांना ओळखतही नाहीत, तसं माझं आहे. दोन महिन्यांत हातात जोर आला की माणूस त्या कोपऱ्यातल्या नव्या रॉडकडे जातो. पुन्हा माझ्याकडे वळून बघत नाही. जे जानेवारीत हौसेनं येतात आणि जोर येईपर्यंत थांबत नाहीत, ते तर फेब्रुवारीतच दिसेनासे होतात. माझ्या वाट्याला सदानकदा थरथरते हात आणि घामेजले तळवे. चार वर्षांत मला तेलाचं बोट लागलेलं नाही. मधोमध गंज चढलाय. पावसाळ्यात माझ्यावर टॉवेल वाळत घालतात.

या सगळ्या वर्षांत फक्त एका माणसाने ती रीत मोडली. दगडाबाईने. दगडाबाई शहागंजात भाजी विकते. वय साठीच्या पुढे, अंगावर नऊवारी आणि पायात नातवाचे बूट. गुडघ्यांसाठी डॉक्टरने व्यायाम सांगितला म्हणून दुपारी बायकांच्या वेळेत आली. टोपल्या उचलून तयार झालेले हात तिचे, मला सहज उचललं. बाकीच्या बायका मोजायला लागल्या, तर झोपल्या जागेवरून ओरडली, “ए बायांनो, गप ऱ्हा. माझं मी मोजीन.” चार झाले, मला जागेवर ठेवलं आणि “आज एवढंच,” म्हणून उठून भाजीकडे निघून गेली. मला तेव्हा ती फार उद्धट वाटली. त्या गोष्टीला सहा वर्षे झाली आणि ती अजून येते.

आता सांडूचं सांगतो. सांगायला जड जातं, पण सांगतो.

यंदा गणपती उठले त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सांडू आला. वय त्रेचाळीस, चितेगावच्या एका कंपनीत माल चढवायच्या कामावर. पायात चपला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. चैत्रात त्याच्या उजव्या खांद्यावर खोकी कोसळली होती. तेव्हापासून तो घरीच होता. आता कंपनीने त्याला महिनाअखेरची तारीख दिली होती. त्या दिवशी पंधरा किलोची पाच खोकी खांद्याइतक्या उंच फळीवर ठेवून दाखवायची. जमलं तर काम परत मिळणार, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस. शर्टाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. तिच्यात काय लिहिलंय ते मला खूप नंतर कळलं. लिहिलं होतं, अगदी हलका व्यायाम, आणि दुखलं की तिथेच थांबणे.

ती चिठ्ठी दाखवायलाच तो नानासाहेबांकडे चालला होता. हात खिशापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात नानासाहेबांनी त्याला दारातच गाठलं.

“या भाऊ, या! लाजायचं नाय इथं. नाव काय, करता काय?”

“सांडू. चितेगावला कंपनीत हाय, लोडिंगला.”

हे शिवराजने ऐकलं. शिवराज म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात ताकदवान गडी. समोरच त्याचं मोबाइलचं दुकान आहे. मनाने सोन्यासारखा आणि आवाज भोंग्यासारखा. तो तिकडूनच ओरडला, “अरे, काका तर पोतीच उचलतेत! यांना काय शिकवायचं? आज दहा नाय, वीस होऊन जाऊ द्या!”

सगळे हसले, कौतुकानेच हसले. सांडूसुद्धा हसला. पाच महिन्यांनी कुणी त्याला ताकदवान म्हणालं होतं. खिशाकडे गेलेला हात त्याने खाली घेतला आणि मुकाट बेंचवर आडवा झाला.

चौथ्या आकड्याला मला कळलं. डावा हात मला सरळ वर नेत होता आणि उजवा मागे राहत होता. मी तिरका होत होतो. सहाला त्याचे दात आवळलेले दिसले. पण बेंचाभोवती चौदा-पंधरा माणसं, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, आणि वरून शिवराजचा आवाज, “शाब्बास काका! सात! थांबायचं नाय! आठ!” इतके लोक आपल्यासाठी ओरडत असताना माणसाने थांबायचं कसं? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. नवव्याला त्याच्या खांद्यात काहीतरी तटकन झालं, ते माझ्या अंगातून सरसरत गेलं. तरी त्याने दहा पुरे केले. शिवराजने मला उचलून ठेवलं. टाळ्या झाल्या. सांडूने सगळ्यांशी डाव्या हाताने हात मिळवला आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी विचारलं नाही, कारण नवे लोक येतात आणि जातात, हे सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र बेंचाखाली पडल्या पडल्या तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

दहा-बारा दिवसांनी, पुरुषांच्या वेळेत, दगडाबाई बूट न घालताच आत घुसली. सगळे चपापले.

“नानासाहेब, तो निळ्या शर्टाचा सांडू, तुमच्याकडंच आलता का?”

“व्हय. पहिल्याच दिवशी दहा मारले गड्यानं. फिरून नाय आला.”

“कुठून येईल? हात गळ्यात बांधलाय त्याचा. सकाळी बायकोसंगं भाजी घ्यायला आलता. मीच खोदून खोदून इचारलं तवा बोलला. डॉक्टर म्हणतोय, भरत आलेलं समदं परत दुखावलं. कंपनीची तारीख चार दिसांवर आली. आता तिथं काय दाखवणार तो, माझं कपाळ?”

नानासाहेब म्हणाले, “बाई, मी तर त्याचं स्वागत केलं.”

“स्वागत केलं, लई केलं. पण दुखतंय का बाबा कुठं, आसं इचारलं का?”

शिवराजच्या हातातलं वजन तसंच हातात राहिलं. “मीच म्हणलो व्हतो वीस करा,” तो हळूच म्हणाला. इतका हळू आवाज त्याचा मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या रात्री नानासाहेब जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाई दुसऱ्या दिवशी कुणालातरी सांगत होत्या. सकाळी ते सांडूच्या घरी गेले. तिथं त्यांनी ती चिठ्ठी पहिल्यांदा वाचली. तिथून ते कंपनीत गेले, दारावर दोन तास उभे राहिले आणि दुसरी तारीख मिळवून आले. दिवाळीआधीचा शनिवार. तिथल्या साहेबाने बजावलं होतं, ही शेवटची. सांडूला आणखी एक महिना बिनपगारी काढायचा होता. त्याची बायको सुरेखा तोवर दोन घरचा स्वयंपाक धरून होती.

डॉक्टरची परवानगी मिळाल्यावर सांडू पुन्हा आला. या वेळी नानासाहेबांनी त्याला बेंचकडे नेलंच नाही. स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, “सांडूभाऊ, चूक माझी झाली. मला हसले तसं नव्या माणसाला कुणी हसू नये म्हणून मी ही रीत घातली, आन् तीच तुमच्या गळ्यात पडली.”

सांडू खाली बघत म्हणाला, “नाना, माझीबी चूक व्हती. बास म्हणायला जीभच उचलंना. एवढे लोक माझ्यासाठी वरडत व्हते ना.”

पहिले दोन आठवडे त्याने मला हातही लावला नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, मग पाण्याची बाटली, मग लहान डंबेल. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं, की नवा माणूस आला आणि मी नुसता बघत राहिलो. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा विसावाच मिळाला.

मग एके दिवशी तो माझ्याकडे आला. बेंचवर आडवा झाला. शिवराज डोक्यामागे उभा राहिला, दोन्ही हात माझ्याखाली धरून.

“काका, किती करायचे?”

“सहा.”

मोजलं कुणीच नाही. व्यायामशाळेत इतकी शांतता, की शेजारच्या दुकानाचं शटर ओढल्याचं ऐकू आलं. सहा झाले तेव्हा त्याच्या हातात आणखी दोन-तीन सहज होते, मला ते कळत होतं. शिवराजच्या ओठांवर सात आला होता. त्याने तो गिळला आणि मला उचलून ठेवलं. सांडू उठून बसला, कपाळ पुसलं आणि घरी गेला. असं तो रोज करत राहिला.

दिवाळीआधीच्या शनिवारी संध्याकाळी सगळे नुसते उभे होते. कुणाचं व्यायामात लक्ष नव्हतं. दगडाबाई तर भाजीची टोपली घेऊनच येऊन बसली होती. सात वाजता सांडू निळ्या शर्टात आला आणि स्टुलावर टेकला.

“पाच खोकी ठेवली,” तो म्हणाला. “नीट ठेवली. तर तिथला साहेब म्हणतो, जमतंय की चांगलं, अजून पाच टाका बघू. मागं आमचेच लोक उभे व्हते, तेबी लागले वरडायला. टाक सांडू, टाक. नाना, माझा हात गेलता खोक्याकडं.”

“मंग?” नानासाहेबांनी विचारलं.

“मंग म्हणलं, बास. कागदावर पाच लिहिलेत, पाच झाले.”

“मंग काय म्हणला साहेब?”

“कागद बघितला. मला बघितलं. सही केली. सोमवारपासून ये म्हणला.”

शिवराज आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारायला धावला, अर्ध्या वाटेत त्याला आठवण झाली, आणि त्याने थाप न मारता सांडूचा डावा हात दोन्ही हातांत धरला. दगडाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, “आता जा घरी. सुरेखा वाट बघत आसंल.”

मित्रांनो, आमच्याकडे अजूनही नवे लोक येतात. टाळ्या अजून होतात, नावं सांगून हातही मिळवतात. फक्त आता आधी त्याला स्टुलावर बसवून विचारतात, की बाबा, दुखतंय का कुठं, आणि आज किती करायचे. आकडा नवा माणूस ठरवतो. कुणी तीन म्हणतो, कुणी पाच. एक जण आला आणि म्हणाला, आज नुसतं बघतो. त्याला बघू दिलं.

माझी हालत काही फार सुधारली नाही. गंज आहे तसाच आहे, कालच कुणीतरी माझ्यावर पुन्हा टॉवेल टाकला. जमलं तर थोडं तेल लावा, एवढी माझ्यापुरती विनंती. पण त्याहून मोठी विनंती दुसऱ्यासाठी आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या खेळात, तुमच्या गल्लीत कुणी नवीन आलं तर त्याला जरूर बोलवा, जरूर जीव लावा. मात्र तुमचा आवाज त्याच्या आवाजापेक्षा मोठा होऊ देऊ नका. तो बास म्हणाला, तर त्याला मला खाली ठेवू द्या. उरलेले त्याला उद्या करता येतील, परवा करता येतील. मी कुठे जातोय?