कच्चा आवाज

धाकट्या भावाच्या स्टुडिओत ग्रह बनत. पिठात मीठ आणि रंग कालवून तो डोंगर उठवायचा, काचेच्या टाकीत शाई सोडून वादळं काढायचा, आणि त्यातून शाळांसाठी, तारांगणांसाठी छोट्या छोट्या फिल्म्स करायचा. शनीची कडी, विझत चाललेले तारे, आणि त्याच्याच डोक्यातून निघालेली, कुणी कधी न पाहिलेली जगं. या सगळ्या जगांत सगळ्यात आधी बोलायची ती त्याची ताई.

त्याची कामाची रीतच तशी होती. आधी घरच्या माणसाच्या आवाजात निवेदन भरायचं, त्या मापाने चित्रं कापायची, आणि शेवटी नाववाल्या निवेदिकेकडून तेच पुन्हा बोलून घ्यायचं. त्या पहिल्या निवेदनाला स्टुडिओत कच्चा आवाज म्हणत. निवेदिका तो ऐकून ताई कुठे थांबते, कुठे सूर उतरवते, ते हुबेहूब उचलायची. मग कच्चा आवाज पुसायचा. तो का पुसायचा, यालाही कारण होतं. एकदा चुकून कच्च्या आवाजाचीच फिल्म शाळेत गेली आणि भर शनीच्या कड्यांतून ताई म्हणाली, "थांब रे, दूध उतू चाललंय." पोरं हसून लोळली आणि भावाची शोभा झाली. तेव्हापासून पुसण्याच्या बाबतीत तो डोळ्यांत तेल घालून असायचा.

दूध उतू गेल्याचं ताईला माहीत होतं. पुसण्याचं तिला कुणी सांगितलंच नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

म्हणूनच घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी "स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज रेकॉर्ड करून ठेवा" असं बजावलं, तेव्हा तिने हात झटकला होता. "माझ्या भावाकडे आख्खं ब्रह्मांड आहे माझ्या आवाजात," ती म्हणाली होती. तिच्या तोंडून निघालेल्या शेवटच्या मोठ्या बातांपैकी ती एक.

आता तिच्या गळ्याला भोक होतं आणि हातात फोन. टाइप केलं की फोन बोलायचा. लोक वाचूनही घेत, पण घरी तिचा नवरा होता आणि काचबिंदूने त्याची नजर पार गेली होती. तिच्या बोलण्यावरच त्याचा दिवस चालायचा. फोनचा सपाट, पत्र्यासारखा आवाज आला की तो दचकायचा. "बंद कर गं ते, कुणीतरी घरात शिरल्यासारखं वाटतं," म्हणायचा. इस्पितळातल्या वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, जुनं, स्वच्छ रेकॉर्डिंग आणा, फोनला तुमचाच आवाज शिकवू. घरातल्या लग्नकार्यांच्या व्हिडिओंत वाजंत्रीच जास्त, ते कामाचे नव्हते. ताई सरळ भावाकडे आली.

तिने टाइप करून दाखवलं. तो संगणकासमोर बसला, एकेक कप्पा उघडत राहिला. ताईने त्याला लहानपणापासून पाहिलेलं. तो शोधत नाहीये, वेळ काढतोय, हे तिला पाठीवरूनच कळलं.

"ताई, मी पुसलंय," तो शेवटी म्हणाला.

'सगळं?' तिने टाइप केलं.

"सगळं. माझ्या हाताने. दुसऱ्या डिस्कवरूनसुद्धा."

ताईला त्याच्यावर ओरडायचं होतं. लहानपणी ओरडायची तसं, कान धरून, सात पिढ्या काढून. तोंड उघडलं आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसकली. चिडायलाही आवाज लागतो, हे तिला तेव्हा कळलं. मग ती रडली, तेही तसंच, आवाजाशिवाय. भाऊ मात्र हमसून हमसून रडला. त्याचा तिला मनापासून राग आला.

निवेदिकेला फोन लावायची कल्पना भावाची. "तिचं बोलणं तुझ्यावरूनच घेतलंय ताई. थांबणं तुझं, हेल तुझा. भाऊजींना ओळख पटेल." निवेदिका लगेच हो म्हणाली, "ताईंकडूनच तर शिकले मी." इस्पितळातल्या बाईंनी तो आवाज फोनमध्ये भरून दिला. पहिल्या शब्दालाच ताईला कळलं की हा आवाज आपला नाही. गोड होता, फार गोड. पण हेल खरंच तिचा होता, आणि दुसरं होतं तरी काय? वाटेत ती मनाची समजूत घालत आली.

घरी नवरा खिडकीपाशी बसला होता. ताई त्याच्या अगदी समोर उभी राहिली. कितीतरी दिवसांचं बोलायचं साठलं होतं, पण आधी तिने एवढंच टाइप केलं.

"अहो, मी आलेय," फोन म्हणाला.

नवऱ्याने मान वर केली. घाईघाईने शर्टाची वरची गुंडी लावली, पाय खाली घेतले आणि हसून म्हणाला, "या ना, बसा. ती भावाकडे गेलीये, तिचा आवाज आणायला. येईलच आता."