धावपट्टीआधीचा अर्धा सेकंद

"ए पिशवी, लोणी फासतोयस का त्याला? आटप की!"

पिशवीने मान वर केली नाही. प्रोसेसरच्या पाठीवर राखाडी पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब टाकून तो त्यावर कूलर सरळ दाबत होता. कूलर तिरका बसला तर मधे हवा अडकते, आणि हवा अडकली की प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही. पण हे दादाला सांगण्यात अर्थ नव्हता. दादाला गोष्टी सांगायची सवय होती, ऐकायची नव्हती.

दादा त्याचा सख्खा मोठा भाऊ. जन्मभर प्रवासी विमानं उडवलेला कॅप्टन. पिशवी हे नाव त्यानेच ठेवलेलं. दादा विमान उडवायला शिकत होता तेव्हा त्याने धाकट्याला एकदा छोट्या विमानातून फिरवून आणलं होतं, आणि पहिल्याच वळणाला धाकट्याने ओकारीची पिशवी गच्च भरली होती. त्यानंतर तो किस्सा दादाने कुठे सांगितला नाही असं ठिकाण शोधूनही सापडलं नसतं. धाकट्याच्या सासरच्या माणसांना सांगितला, त्याच्या साहेबांना सांगितला, पोटातून येणाऱ्या आवाजासकट सांगितला. धाकट्याच्या कानशिलावरचे केस आता पांढरे झाले होते. काटे, तापमापक आणि दाबमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो वरच्या हुद्द्यावर होता. कुठला काटा खरं बोलतो आणि कुठला खोटं, हे त्याच्या सहीने ठरायचं. भावाच्या घरात शिरला की मात्र तो पिशवीच.

दादा गेलं वर्षभर घरी होता. एका उड्डाणात सहवैमानिकाने त्याला काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, आणि दादा समोर बघत नुसता बसून राहिला. काही क्षणच. मग "हां, काय म्हणालास?" म्हणून भानावर आला. सहवैमानिकाने नियमाप्रमाणे कळवलं. डोक्याच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या, पण डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितलं. वर्षात पुन्हा असं काही झालं नाही तर वैद्यकीय मंडळापुढे जायचं, आणि मंडळाने हो म्हटलं की परत कॉकपिटमध्ये. मंडळाची तारीख आता पुढच्या महिन्यावर आली होती. हात गंजू नये म्हणून दादाला घरी उड्डाणाच्या सरावाचा, संगणकावरचा सिम्युलेटर हवा होता, आणि फुकटात राबणारा माणूस घरचाच होता.

"दुकानदार म्हणाला, जास्त कोअरचा घ्या," दादा म्हणाला. "तू हा बारका का आणलास?"

"सिम्युलेटरचा बहुतेक भार एकाच कोअरवर येतो, दादा. स्वयंपाकघरात माणसं कितीही उभी कर, शेगडी एकच असली तर काय उपयोग? आपल्याला ती एक शेगडी मोठी हवी."

"वा! पिशवीला शेगडीचं ज्ञान झालं." दादाने आत हाक मारली, "ऐकलंस का गं, भाऊजी तुझं स्वयंपाकघर घेणार!"

वहिनी दारात येऊन हसली. ती बँकेत होती. नवरा आज या देशात, उद्या त्या, आणि घरात आपण आणि भिंतीवरचं घड्याळ, असा संसार तिने केला होता. या वर्षात मात्र तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती.

पिशवीने सगळं नीट जुळवलं. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्या एका कोअरचा वेग थोडा वाढवला, व्होल्टेज झेपेल तेवढं उतरवलं, प्रत्येक बदलानंतर तासभर चाचणी चालवली. यंत्र छान चाललं. फक्त पंखा जोरात फिरत होता.

"हा पंखा आहे की गिरणी?" दादा ओरडला. "मला इंजिन ऐकू यायला हवं. कमी कर तो."

"कमी केला तर तापेल. तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मग..."

"तुला व्याख्यान द्यायला बोलावलंय का? कमी कर म्हटलं ना."

पिशवीने पंखा कमी केला. खोली शांत झाली. दादाने हेडफोन चढवले, आणि त्याच्या चेहऱ्यावर वर्षभर न दिसलेलं काहीतरी आलं. त्याची बोटं बटणं न बघता बटणांवर पडत होती. पिशवीलाही ते बघून क्षणभर बरं वाटलं.

पहिले काही दिवस सुरळीत गेले. छोटे विमानतळ, मोकळी मैदानं, समुद्र. मग दादाने एका मोठ्या शहराचा विमानतळ निवडला. मंडळाचा निकाल लागला की कंपनी आधी तिथेच पाठवणार होती.

त्यानंतर त्याची बडबड बंद झाली. जेवताना तो ताटाकडे बघत बसायचा. वहिनीने विचारलं तर "काही नाही" म्हणून उठायचा. शेवटी त्याने पिशवीला बोलावून घेतलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"माझं परत सुरू झालंय," तो म्हणाला.

"काय सुरू झालंय?"

"ते. हरवणं." दादाचा आवाज एवढा खाली आलेला पिशवीने कधी ऐकला नव्हता. "उतरताना होतं. धावपट्टी समोर असते, आणि एकदम जवळ आलेली असते. मधला तुकडाच नाही. इंजिनचा आवाज सलग चालू असतो. म्हणजे जग थांबलं नाही. मीच नव्हतो तिथे."

"स्क्रीनचा दोष असेल."

"मी काय दूधखुळा आहे? कोपऱ्यातला आकडा बघ. सेकंदाला साठ चित्रं. तो हललासुद्धा नाही, हलला तर दोन-तीनने. वैमानिकाला पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितेय? ढगात शिरलं की अंगाला जे वाटतं ते खोटं, काटा सांगतो ते खरं. अंगावर विश्वास ठेवणारे मेले, काट्यावर ठेवणारे घरी आले. मला वाटतंय चित्र अडकलं. काटा सांगतोय नाही अडकलं. मग खोटं कोण?"

पिशवीने कोपऱ्याकडे पाहिलं. तो आकडा मागच्या कितीतरी सेकंदांची सरासरी होता. सरासरीत अर्धा सेकंद सहज बुडून जातो. प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना तो हेच शिकवायचा. आणि आवाजाचं काम वेगळं चालतं, चित्र थिजलं तरी तो वाहत राहतो. त्याला अंदाज आला होता. पण खात्री केल्याशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती.

"तू मागे उभा राहा," दादा म्हणाला. "मी उतरवतो. डोळ्यांत तेल घालून बघ, आणि चित्र थांबतं का मी थांबतो, ते सांग. मापं तपासण्याच्याच लायकीचा आहेस ना? तपास."

पिशवीने मोबाइलवर प्रोसेसरचं तापमान आणि वेग यांचा आलेख उघडला आणि खुर्चीमागे उभा राहिला. दार उघडून वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच थबकली.

"जरा लांब उभा राहा," हेडफोन चढवता चढवता दादा म्हणाला. "ओकशील माझ्या मानेवर."

आणि हसला. एवढा घाबरलेला माणूस, तरीही हसला.

शहर जवळ आलं. इमारती दाट झाल्या. आलेखावर तापमानाची रेघ वर चढत मर्यादेला टेकली आणि वेगाची रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली कोसळली. स्क्रीनवरचं चित्र थिजलं. दादाचा हात सुकाणूच्या दांड्यावर हलतच होता. मग चित्राने उडी मारली, धावपट्टी तोंडावर आली आणि विमान धाडकन आदळलं.

पंखा. दुसरं काही नाही. दादाने स्वतःच कमी करायला लावलेला पंखा.

"थांबली का स्क्रीन?" दादाने मागे वळून विचारलं.

पिशवीने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, तोंड किंचित उघडं. लहानपणापासून या चेहऱ्याकडे खालून वर बघायची सवय असलेल्या माणसाला तो पहिल्यांदाच वरून खाली दिसत होता.

"नाही दादा," तो म्हणाला. "चित्र नीट चालू होतं."

"पुन्हा बघू."

दुसऱ्या वेळी पिशवीने आलेखावर रेघ मर्यादेला टेकताना पाहिली आणि अडकलेलं चित्र सुटताक्षणी मोठ्याने म्हणाला, "आत्ता. आत्ता गेलास बघ."

विमान आदळलं. दादाने हेडफोन काढले. "तुला कसं कळलं?"

"तुझा हात थिजला ना. मानही. हाक मारली असती तरी ऐकू आलं नसतं तुला."

हे सांगायची गरज नव्हती. पण सुचलं, आणि जिभेवर गोड लागलं. वहिनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवून निघून गेली.

घरी जाताना पिशवी मनातल्या मनात किस्सा रचत होता. रविवारपर्यंत दादाला चांगलं उकळू द्यायचं. मग सगळ्यांसमोर, त्याच्याच पद्धतीने, थोडं थांबत, थोडे आवाज काढत सांगायचं: कॅप्टनसाहेबांच्या डोक्यातला बिघाड आम्ही शोधून काढला बरं का, पंखा हळू फिरत होता! दादाचं तोंड कसं होईल याची त्याने बऱ्याचदा तालीम केली. प्रत्येक वेळी त्याला हसू आवरेना.

रविवारी तो गेला तेव्हा दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला होता. चेहरा शांत होता.

"बस. मी कळवून टाकलं," दादा म्हणाला.

"काय?"

"काल सकाळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. म्हटलं, घरच्या सरावात पुन्हा होतंय. भावाने समोर उभं राहून पाहिलंय. त्यांनी विचारलं, भाऊ काय करतात? म्हटलं, मापं तपासतात. मग पुढे काही विचारलं नाही त्यांनी. मी मंडळापुढचा अर्ज मागे घेतला. फाइल बंद."

पिशवीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं आकारापुरतं. "बंद म्हणजे... पुन्हा सांगता येईल ना? चूक झाली म्हणून?"

"वेडा आहेस का? एकदा स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं परत घ्यायला गेलो तर ते म्हणतील, रोग लपवतोय. आणि घ्यायचं कशाला? मागे एवढी माणसं बसवून मी धावपट्टीआधी हरवलो असतो तर?" त्याने टेबलावरून हात पुढे करून पिशवीच्या मनगटावर ठेवला. "तू नसतास तर मी मंडळापुढे जाऊन पास होऊन आलो असतो. दुसरा कोणी असता तर तोंडदेखलं गोड बोलला असता."

"दादा, ऐक. तो पंखा..."

"भाऊजी!" स्वयंपाकघरातून वहिनीची हाक आली. "जरा इकडे या. वरचा डबा काढून द्या मला."

तो गेला. वरच्या फळीवर डबा नव्हताच. वहिनीने नळ सोडला होता.

"काय सांगायला निघाला होतात?" तिने विचारलं.

"वहिनी, त्याला काही झालेलं नाही. यंत्र तापत होतं. चित्र अडकत होतं."

"मला माहितेय. मीही होते ना दारात. चित्र थांबलं. ह्यांचा हात नाही थांबला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

नळाचं पाणी भांड्यावरून ओघळत राहिलं. वहिनीने हात पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगावं तसं ती बोलली.

"आता सांगितलंत तर त्यांना दोन गोष्टी कळतील. आपलं डोकं ठणठणीत होतं, आणि आपल्या भावाने आपल्याला जमिनीवर आणलं. ते झेपेल त्यांना? न सांगितलं तर जेवतील, झोपतील, घरी राहतील. मला ते घरीच हवे होते, भाऊजी. एवढी वर्षं मी काही ना काही कारण शोधत होते. मला जमलं नसतं, ते तुम्ही दोन शब्दांत केलंत." तिने नळ बंद केला. "दोष यायचा तर तुमच्यावर येईल. म्हणून तुम्ही बोलणार नाही. जा, बसा त्यांच्यापाशी."

पिशवी दादाच्या खोलीत गेला. काय करावं ते न सुचून त्याने संगणक चालू केला, बायोस उघडलं आणि पंख्याचा वेग पूर्ववत केला. पंखा घोंघावायला लागला.

दादा मागे येऊन उभा राहिला. "राहू दे तो आवाज," तो म्हणाला. "आता इंजिन ऐकू आलं काय अन् नाही काय. सरक, एकदा उतरवून बघतो."

त्याने तेच शहर घेतलं. त्याच दाट इमारती, तीच धावपट्टी. पिशवी खुर्चीमागे उभा होता. त्याला मोबाइल काढायची गरज नव्हती. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. धावपट्टी इंचाइंचाने वर आली, आणि चाकं टेकली ते फक्त आकड्यांवरून कळलं.

दादाने दांड्यावरचा हात काढला. मग त्याने खुर्ची फिरवली. डोळे ओले होते आणि तो हसत होता.

"पाहिलंस? एकदाही नाही हरवलो. मंडळाचं ओझं उतरलं आणि डोकं ताळ्यावर आलं. म्हणजे ताण आला की जातं ते, हे नक्की झालं ना? कॉकपिटमध्ये तर ताणच ताण." त्याने मोठा श्वास सोडला. "राहिलेली शंकाही गेली बघ. बरोबर केलं आपण."

"हो दादा," पिशवी म्हणाला.

"थांब, अजून एकदा," दादा म्हणाला, आणि विमान पुन्हा शहराकडे वळवलं.