कडी

उगादीच्या सकाळी घरादाराला तेल चोळायचं काम नीलव्वाचं. घरदार म्हणजे आता एकटा चन्नू, तिचा तिशीतला मुलगा. अंगानं पैलवान, बुद्धीनं पाच वर्षांचा. अजून त्याला तीच न्हाऊ घालायची, तेही दार सताड उघडं टाकून. आई-लेकात कसला आलाय पडदा, असं म्हणायची.

यंदा ती पुरणाच्या होळीगे लाटत असताना चन्नू तेलाची वाटी घेऊन शेजारी गेला आणि सुवर्णा न्हात होती तिथं शिरला. तिनं किंकाळी फोडली, गल्ली गोळा झाली, तेव्हा कुठं त्याला बाहेर ओढलं.

दुपारी नीलव्वा कडुनिंब-गुळाची वाटी घेऊन सुवर्णाच्या दारात गेली. सण मोडू नये, एवढंच तिला सुचलं.

"माफ कर गं. देवाचं लेकरू ते. त्याला काय कळतंय?"

"गूळ तुमच्या लेकराला आणि निंब तेवढा मला, होय ना अक्का?" सुवर्णा उंबऱ्यातूनच म्हणाली. "पाठीवरून हात पुढं आणला त्यानं. मी नको नको म्हणत होते आणि तो हसत होता. मी चौकीत जाणार."

नको नको. नीलव्वा आतून चरकली. गेल्या वर्षी चन्नूच्या मतिमंदांच्या शाळेतल्या हेमलता टीचर हेच शिकवणार होत्या. कुणाला हात लावायचा, कुणाला नाही, नको म्हणजे नको. 'नसती खुळं डोक्यात भरू नका' म्हणत तिनं त्या दिवशी चन्नूला घरीच ठेवलं होतं. आणि न्हाऊ घालताना त्याच्या अंगात काय जागं होतंय, ते तिला दिसत नव्हतं थोडंच! दिसायचं. मग तोंड फिरवून ती पाणी ओतत राहायची.

"त्याला कळू दिलं नाही ते मीच," ती म्हणाली. "तू जा चौकीत. मी त्याला घेऊन येते. माझंही नाव सांग."

सुवर्णानं वाटी घेतली नाही. दार लावलं, आतून कडी घातली.

घरी चन्नू उघडाच न्हाणीत उभा होता. हात अजून तेलकट.

"अव्वा, पाणी."

तिनं तांब्या त्याच्या हातात दिला, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. आत तो भोकाड पसरून रडायला लागला.

"रडू नको. कडी लाव, चन्नू."

"कशी?"

चौकीत न्यायच्या आधी एवढं तरी, म्हणून ती दाराबाहेर बसून त्याला कडी कशी लावतात ते सांगू लागली.