दुसरं टोक धरायला

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही रेल्वेत नोकरी केली नव्हती. पाणीपुरवठा खात्यात ते घरोघरी फिरून मीटर वाचायचे. पण हुबेहूब खऱ्यासारख्या छोट्या आगगाड्यांचं त्यांना तरुणपणापासून वेड. वहिनी लग्न होऊन घरात आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी या धाकट्या दिराचा 'स्टेशनमास्तर' करून टाकला. पुढे त्यातलं स्टेशन गळालं, मास्तर तेवढं उरलं.

मास्तरांनी लग्न केलं नाही. दादा, वहिनी आणि पुतणी यांच्या संसारातच त्यांचं आयुष्य गेलं. इंजिनं, डबे, रूळ, बोटाएवढे सिग्नल, सगळं खोक्यांत भरून पलंगाखाली. मांडायला जागा कुठे होती? "भाऊजी, ही गाडी एकदाची आमच्या अंगावरून न्या, म्हणजे सुटलो," असं म्हणत वहिनी झाडूने खोकी आत ढकलायच्या.

पुतणी लांबच्या शहरात नोकरीला लागली, तिला मूल झालं, आणि ते सांभाळायला दादा-वहिनी गेले. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले, पण मूल बालवाडीत जायला लागलं तरी तिकडेच होते. मग एक दिवस टेम्पो आला आणि सोफा, जेवायचं टेबल, कपाट घेऊन गेला. पुतणीचं नवं घर मोठं होतं, रिकामं दिसत होतं म्हणे.

"आता हॉल तुझाच," दादा फोनवर म्हणाला. "मांड हवी तेवढी रेल्वे."

इतकी वर्षं हीच तर इच्छा होती. मास्तर हॉलच्या मधोमध उभे राहिले, खाकरले, आणि पलीकडे दुसरंच कोणीतरी खाकरल्यासारखं झालं.

त्यांनी घाई केली नाही. रूळ नंतर, आधी टेबल. टेबल डुगडुगलं की गाडी रुळावरून उतरलीच म्हणून समजा. त्यांनी फरशीवर खडूने आकार काढला: दोन भिंतींना धरून काटकोनात. रुंदी हात पोचेल तेवढीच, कारण भिंतीकडच्या रुळावर डबा उलटला तर उचलायला सोंड थोडीच आहे? उंची छातीपर्यंत, म्हणजे जरा मान लवली की गाडी बाजूने दिसेल, आकाशातून नाही. भिंतीला हात लावून, वाकून, परत खडू पुसून त्यांनी सगळं बेतलं. मग वखारीत गेले.

वखारवाल्याने पट्ट्या एका डोळ्याने बघून सरळ तेवढ्या बाजूला काढल्या. "दोन माणसांचं काम आहे हे," तो म्हणाला. "या लांब पट्टीचं दुसरं टोक धरायला आहे ना घरी कोणी?"

"आहेत की," मास्तर म्हणाले. आणि उगाचच खोटं बोललो म्हणून घरापर्यंत स्वतःवर चरफडत आले.

आखूड पट्ट्या गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात बसल्या, पाय जोडून झाले, पायांना तिरपे आधारही लागले. अडलं ते लांब पट्टीपाशी. इकडचा बोल्ट घालायला जावं तर तिकडचं टोक खाली. त्यांनी खुर्चीवर रुळांची खोकी रचून त्यावर ते टोक ठेवलं, वर खिडकीच्या गजाला दोरीने बांधलं. हा जुगाड ड्रिल सुरू होईपर्यंत टिकला. मग दोरी सुटली, खुर्ची कलंडली, पट्टी धाडकन आपटली आणि फरशीचा टवका उडाला.

"काही नाही वहिनी, पट्टी पडली!" मास्तर मोठ्याने म्हणाले.

आणि मग तसेच खाली बसले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कोणी काही विचारलंही नव्हतं.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. गळ्यात टेप, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. आता खरडपट्टी निघणार म्हणून मास्तर आधीच "चुकलं, चुकलं" म्हणायला लागले.

"लागलं तर नाही ना तुम्हाला?" बाई आत डोकावल्या. "एवढं काय करताय? पलंग?"

"रेल्वेसाठी टेबल."

"रेल्वेला टेबल लागतं?" असं म्हणत त्यांनी पट्टीचं टोक उचललंसुद्धा. "सांगा, कुठे धरू?"

"जरा वर. जरा खाली. बस्स."

बोल्ट सरकन आत गेला. मग त्यांनी टेपचं टोकही धरलं आणि मास्तरांनी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. बोटभर फरक निघाला. "कापडाचं असंच असतं," बाई म्हणाल्या, "सुरुवातीला उरेब, तिरकं गेलं की शेवटपर्यंत रडवतं." दोघांनी मिळून चौकट ढकलून सरळ केली.

"गोंद नाही लावत?"

"नट-बोल्टवरच ठेवलंय. दादा-वहिनी आले की सोडून भिंतीला टेकवता येईल. हॉल त्यांचा आहे."

चहा विचारावा असं मास्तरांच्या मनात होतं. वाक्य जुळवून तयारही होतं. पण बाई, "गिऱ्हाईक बसलंय खाली," म्हणत जिना उतरल्या.

फरशीला बाल्कनीकडे उतार होता. मास्तरांनी प्रत्येक पायाखालचा बोल्ट थोडा थोडा फिरवत पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. प्लायवूड टाकलं. मग स्टुलावरून जपून वर चढले, आणि वर उभे राहिले. टेबल जराही हललं नाही. इतका आनंद झाला की त्यांनी लगेच फोन लावला.

"दादा, टेबल झालं! मी वर उभा राहिलो तरी ढिम्म!"

"वर चढलास? या वयात? अक्कल गहाण टाकलीस का?"

"ऐक तर. तुम्ही याल तेव्हा सोडून ठेवीन, अगदी झटपट होतं. तुमचा पलंग इथेच..."

पलीकडे मूल कशासाठी तरी हट्ट करत होतं.

"सोडायचं कशाला?" दादा म्हणाला. "हिचे गुडघे, आपले ते जिने. पोरगीही सोडत नाही. आम्ही आता इकडेच राहायचं म्हणतोय. तुला सांगणारच होतो. तू पक्कं करून टाक."

फोन वहिनींनी घेतला. "भाऊजी, जेवलात का?"

"जेवलो," मास्तर म्हणाले. सकाळपासून पोटात एक बिस्किट होतं.

"गाडी धावली की फोनवर दाखवा हं."

"हो. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते लाकडाचा गोंद आणि सांधे आवळून धरायचे क्लॅम्प घेऊन आले. एकेक सांधा सोडायचा, गोंद लावायचा, परत आवळायचं, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा. लांब पट्टीची पाळी आली तेव्हा खाली जाऊन त्यांनी बाईंचं दार वाजवलं.

"पुन्हा टोक धरायचंय," ते म्हणाले. "वेळ असेल तर."

"दुपारी येते," बाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, आणि खरंच आल्या. टोक धरलं, क्लॅम्प आवळेपर्यंत थांबल्या. "आता हे निघायचं नाही ना?"

"नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

थोड्या वेळाने खाली शिवणयंत्र सुरू झालं. सांधा क्लॅम्पने घट्ट धरला होता, हात लावायची काहीच गरज नव्हती. तरी मास्तर स्टुलावर बसून, गोंद सुकेपर्यंत, त्यावर हात ठेवून राहिले.