साहेबांचा रक्तगट

आमच्या साहेबांना विज्ञानाचा उमाळा आला तो एकाहत्तर सालच्या त्या सकाळी, मॉर्गच्या दारात. एरवी पंचांग बघितल्याशिवाय नवी छत्रीही न उघडणारा हा माणूस, माझा नवरा, त्या दिवशी पोलिसांच्या डॉक्टरांना रक्तगट समजावून सांगत होता.

नदीकाठच्या बजबजच्या घाटाला एका पोराचं प्रेत लागलं होतं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. आमचा दिगू महिनाभर घरी नव्हता. कॉलेज सोडून तो नक्षलवाल्यांत गेलाय हे आमच्या अख्ख्या भवानीपूर वस्तीला ठाऊक होतं. फक्त साहेबांच्या ऑफिसला कळू द्यायचं नव्हतं. केंद्र सरकारची नोकरी, त्यात तोंडावर आलेली बढती! पोलिसांचं बोलावणं आलं तेव्हा साहेब आरशासमोर टाय बांधत उभे राहिले. प्रेत ओळखायला टाय!

आम्हालाच बोलावलं, कारण त्या पोराचे कान टोचलेले होते, आणि बंगाली घरांतून मुलांचे कान टोचत नाहीत. मी चादर बाजूला करायला लावली. डाव्या कानाचं भोक पाळीच्या अगदी कडेला. माझ्या मांडीवर बसून टोचून घेताना दिगूने मान झटकली होती आणि सोनाराचा नेम चुकला होता. त्या कानाला मी कितीदा तेल लावलंय!

"माझा दिगू," म्हटलं आणि मी खालीच बसले.

साहेबांनी खिशातून कार्ड काढलं. पासष्टच्या लढाईत ऑफिसात सगळ्यांना रक्त द्यायला लावलं होतं, तेव्हाचं. मग इंग्रजीत सुरू झाले. "माझा गट एबी. तुमच्या तपासणीत या प्रेताचा ओ. एबी बापाला ओ गटाचं मूल होऊच शकत नाही. बायको हळवी आहे, तिचं मनावर घेऊ नका."

डॉक्टरांनी मान हलवली. "शास्त्र बरोबर आहे. मग याला बेवारस म्हणून जाळावं लागेल."

"जरूर," साहेब म्हणाले. जरूर!

शास्त्र बरोबरच होतं. दिगू माझ्या धाकट्या दिरांचा तिसरा मुलगा. वर्षाचा असताना आम्ही त्याला दत्तक घेतला. साहेब सोवळं नेसून विधीला बसले, 'आजपासून हा माझा' असं चारचौघांत म्हणाले, पेढे वाटले. पुढे घरात 'दत्तक' हा शब्दही कोणाला काढू दिला नाही. वंश चालवायला माझा, आणि जाळायच्या वेळी कोणाचाच नाही! अशा माणसाच्या ताटात मी इतकी वर्षं गरम पोळी वाढली, याची मला शिसारी आली.

"चल घरी," साहेब हळूच म्हणाले. "दिगू येईल परत."

मी उठले ती डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. माझ्या मोडक्या बंगालीत म्हणाले, "डॉक्टरबाबू, हा आमचा दत्तक मुलगा. म्हणून रक्त जुळत नाही. माझंही जुळणार नाही. याला आम्ही नेणार."

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब भिंतीकडे बघत होते. डॉक्टरांनी कागद ओढला.

"मासीमा, मुलाचं नाव?"

"दिगंबर."

"वडिलांचं?"

साहेबांचा चेहरा जरा सैल पडला. लग्नापासून उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारच्या प्रेमलताबाई माझ्यासाठी ते सांगायच्या. मी घेणार नाही, याची ह्यांना खात्री होती.

"मनोहर सदाशिव देवस्थळी," मी बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आणि ऑफिसचा हुद्दाही लिहून घ्या."